पहिलं प्रूफ

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी घरोघर कानबाई, आमची खानदेशची देवी, बसणार, त्यामुळे बाजारात नारळांच्या राशी आणि माझ्या दुकानात शुकशुकाट. अमळनेरला पाऊस एरवी हात राखूनच पडतो, पण त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती आणि पत्र्यावरचा आवाज थांबायला तयार नव्हता. पावणेतीनच्या सुमारास एक जण छत्री दाराशी टेकवून आत आला. चाळिशीचा असेल. टोपी काढली तर केस नुकतेच उगवायला लागलेले, म्हणजे घरात कोणीतरी गेलंय हे न विचारताच कळलं. त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक लग्नपत्रिका काढली आणि काउंटरवर सुलट करून ठेवली. २०१६ च्या वैशाखातली. खाली बारीक अक्षरात आमच्याच प्रेसचं नाव.

“भाऊ, हाई तुम्हीच छापेल शे ना?”

लग्न त्याच्या चुलत बहिणीचं, सख्ख्या काकाच्या पोरीचं. निमंत्रकांच्या यादीत गावातले झाडून सारे भाऊबंद होते, नव्हतं ते फक्त त्याच्या वडिलांचं नाव. म्हणजे मुलीच्या थोरल्या काकांचंच. वडील लग्नाला गेले नाहीत. त्या वर्षापासून कानबाईचे रोट, म्हणजे भाऊबंदांनी मिळून करायचा नैवेद्य, वेगळे झाले, पुढे बांधावरून बोलणंही बंद झालं. आणि आता ज्येष्ठात वडील गेले. गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी काका आले, मांडवात चार माणसांसमोर रडले आणि म्हणाले, मी दादाचं नाव सगळ्यात वर दिलं होतं, पहिल्या कागदावर होतं, नंतर कोणी काढलं ते मला आजतागायत माहीत नाही. हे सगळं त्याने मला उभ्याउभ्याच सांगितलं. पत्रिकेवरचं बोट मात्र एकदाही हललं नाही. मग म्हणाला, “मना बापनं नाव व्हतं का त्या पहिला कागदवर? तेवढं सांगा. औंदा आम्हना घर रोट नहीत. पुढला साल एकत्र करना का नही, ते ठरावनं शे.”

मी संगणकाकडे वळलो. ग्राहकाचा फोल्डर सापडला, त्यात पत्रिकेची शेवटची फाइल सापडली, जी छापली तीच. ‘प्रूफ’ नावाचा फोल्डर, ज्यात छापण्याआधी दुरुस्तीसाठी काढलेल्या कच्च्या प्रती असतात, तो नव्हता. मी थोडा वेळ उगाच इकडेतिकडे शोधत राहिलो, कारण ते का नाही हे मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. मग वळून म्हणालो, “२०१९ ला हार्ड डिस्क गेली हो भाऊ. त्यात गेलं.” त्याने मान हलवली, पत्रिका पुन्हा त्याच घड्यांवर प्लास्टिकमध्ये गुंडाळली, चहाला नको म्हणाला आणि छत्री उघडून निघून गेला.

डिस्क गेली होती हे खरं. प्रूफ त्यामुळे गेलं हे खरं नव्हतं.

ते मी वगळलं होतं. २०१७ साली मी एक टीबीची बाहेरून जोडायची डिस्क घेतली आणि जळगावला शिकणाऱ्या भाच्याने बॅकअपचा प्रोग्राम बसवून दिला. पहिल्या रात्री लावून गेलो तर सकाळी दुकान उघडलं तेव्हाही काम चालूच होतं, आणि साडेदहाला वीज गेली. भाचा म्हणाला, मामा, सगळं कशाला घेतोस? जे परत मिळतं ते सोडून दे. मग आम्ही दोघं बसलो आणि यादी करायला लागलो. विंडोज नको, ते पुन्हा टाकता येतं. प्रोग्राम फाइल्स नको. पेजफाइल आणि हायबरफिल नको, त्या मशीन स्वतःच्या सोयीसाठी बनवतं, काही जीबी खातात आणि उद्या पुन्हा नव्या बनतात. टेंप नको, रीसायकल बिन नको, ब्राउझरची कॅशे नको. काही प्रोग्राम आपल्या कॅशेच्या फोल्डरमध्ये ‘कॅशडिर डॉट टॅग’ नावाची एक छोटीशी फाइल ठेवतात, असं भाच्याने तेव्हा सांगितलं. तिच्यात ठरलेली एक ओळ असते आणि तिचा अर्थ इतकाच, की इथलं सगळं पुन्हा तयार होणारं आहे, मला घेऊन जाऊ नका. काही बॅकअप प्रोग्रामना तसं सांगून ठेवलं, की ते ही ओळ वाचून पुढे जातात. मला हे फार आवडलं होतं, अजूनही आवडतं. फोल्डरने आपण होऊन सांगावं की माझ्यासाठी जागा अडवू नका, हा समजूतदारपणा माणसांतही कमीच बघायला मिळतो.

वगळण्यात एक सुख असतं, ते मी त्या दुपारी अनुभवलं. ३१० जीबीचे २६० झाले, २६० चे २२०. प्रत्येक ओळीसरशी आकडा उतरत होता आणि मला हलकं वाटत होतं, दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा होताना वाटतं तसं. मग माझी नजर फ्लेक्सच्या कामावर गेली. निवडणुका, वाढदिवस, श्रद्धांजल्या, सखाराम महाराजांच्या यात्रेच्या स्वागताचे फलक; एकेका फलकाची पाच-सहा प्रूफं, आणि फोटोंमुळे प्रत्येक फाइल शेकडो एमबीची. ‘फ्लेक्स’च्या आत ‘प्रूफ’ नावाचा एक मोठा फोल्डर होता. मी यादीत नुसतं ‘प्रूफ’ लिहिलं. पूर्ण पत्ता लिहिला नाही. त्या प्रोग्रामच्या लेखी नुसतं नाव लिहिलं की ते कुठेही, कितीही आत सापडो, वगळायचं असा नियम आहे. माझ्या दुकानात तर प्रत्येक ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ‘प्रूफ’ आहे, ती सवय मी स्वतःच लावलेली. त्या एका शब्दाने वीस वर्षांतल्या सगळ्या लग्नांची, वास्तुशांतींची, गंधमुक्तींची पहिली, दुसरी, तिसरी प्रूफं बॅकअपमधून बाहेर पडली. आकडा एकदम १४० वर आला. भाचा म्हणाला, वा!

हे चुकून झालं असं म्हणून मला सुटता येत नाही. कारण त्याच संध्याकाळी पत्रिकांचीही प्रूफं वगळली गेल्याचं मला दिसलं होतं. मी ती ओळ बदलली नाही. मनात म्हटलं, फायनल आहे ना, मग प्रूफं कशाला हवीत?

२०१९ च्या मे महिन्यात डिस्क गेली. आमच्याकडचा मे काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, दुकानातला कूलर गरम वारा फेकत होता आणि संगणकाच्या पेटीला हात लावला तर चटका बसत होता. तीन दिवस आतून टिकटिक आवाज येत होता, घड्याळ अडकल्यासारखा. चौथ्या दिवशी ती सुरूच झाली नाही. ऐन लग्नसराई. नवी डिस्क घेऊन बॅकअप परत उतरवला, एकेक फाइल उघडून पाहिली, सगळ्या उघडल्या. त्या रात्री घरी जाऊन बायकोला म्हणालो, आपलं काहीही गेलं नाही. आणि ते मला खरंच तसं वाटत होतं. परत आणलेल्या फाइलींची यादी समोर येते, मुळात घेतल्याच नव्हत्या त्यांची कुठे येते? जिथे ‘प्रूफ’ असायचा तिथे आता रिकामी जागाही दिसत नव्हती, कारण फोल्डरच्या खिडकीत सगळं वर सरकून भरून निघतं. कपाटातून वस्तू गेली तर निदान धुळीत तिचा चौकोन उरतो.

खरं तर मला हे आधीच शिकायला हवं होतं, कारण एकदा फटका बसला होता. २००९ साली मशीन बदललं तेव्हा मी ग्राहकांचं सगळं काम दुसरीकडे उतरवून घेतलं आणि विंडोजचा फोल्डर सोडून दिला. नवीन मशीनवर पेजमेकर, पानं जुळवायचा प्रोग्राम, टाकला, जुनी फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा आणि कंस यांचा सडा. आमच्या पिढीच्या डीटीपीवाल्यांना हे दृश्य पाठ आहे. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. फाइलीत साठायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी ‘क’ किंवा अर्धा ‘श’ काढून दाखवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट नाही की कचरा. आणि ते फॉन्ट होते विंडोजच्या पोटात, ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोज बाजारात कुठेही मिळतं म्हणून मी ते सोडलं, आणि त्याच्या पोटातलं माझं मराठी त्याच्याबरोबर सोडलं. चार दिवस हिंडून एका मित्राच्या जुन्या मशीनवरून ते फॉन्ट मिळवले. पुन्हा उघडलेली पहिली फाइल एका मुंजीची होती. डॉलरच्या जागी गणपती बाप्पा बसला तेव्हा माझे हात थरथरत होते.

माझे वडील तेव्हा होते. ते खुर्चीत बसून हे बघत होते आणि त्यांना नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हणाले, एवढी जुनी पत्रिका तू ठेवतोस कशाला?

त्यांनी १९७४ साली ट्रेडल, पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, घेतलं होतं. लहानपणी मी प्रेसमध्ये बसायचो तो शाईचा आणि रॉकेलचा वास अजून माझ्या नाकात आहे. तिरप्या लाकडी केसमध्ये खण, खणात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. मराठीला जोडाक्षरं आणि मात्रा-वेलांट्यांमुळे खण किती लागतात ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. वडिलांचा हात न बघता योग्य खणात जायचा. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा, आणि ओळ उलटी जुळत जायची, म्हणून मी वाचायला शिकलो तो आधी उलटं आणि मग सुलट. छपाई झाली की मजकूर मोडायचा. प्रत्येक खिळा धुऊन पुन्हा आपापल्या खणात. पाडव्याच्या हँडबिलातला ‘प’ दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पाचवीच्या आमंत्रणात. खिळे मोजकेच होते, मोडल्याशिवाय पुढचं काम करताच यायचं नाही. मात्र काही मजकूर ते मोडत नसत. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, ‘कुलस्वामिनी प्रसन्न’, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि खालचं ‘आपले आगमन प्रार्थनीय’. या ओळी दोऱ्याने घट्ट बांधून एका फळीवर ओळीने ठेवलेल्या असायच्या. लग्न कोणाचंही असो, त्या उचलून फर्म्यात बसवायच्या. मोडायची ती नावं. वर, वधू, आईबाप, मामा, निमंत्रक, सगळी नावं एकदा छापली की सुटी होऊन खणात जायची.

त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होतं. सगळ्यांना लागणारं बांधून ठेवायचं, एकालाच लागणारं मोडायचं, कारण ते नाव पुन्हा हवं असलं तर ते माणूस येऊन सांगेलच की. माणसं होती, गावात होती, बोलत होती. माझ्या वेळी हिशेब नेमका उलटा झाला होता. गणेशाय नमः आता कुठेही मिळतं, गणपतीच्या चित्रांनी भरलेली सीडी पन्नास रुपयांना मिळत होती. एकाचंच असलेलं काय ते फक्त माझ्याकडे होतं. एवढं मला कळलं होतं, म्हणून तर मी विंडोज वगळलं आणि पत्रिका ठेवल्या. माझी चूक झाली ती त्याच्या पुढच्या पायरीवर. प्रूफ म्हणजे फायनलची कच्ची नक्कल असं मी धरून चाललो. दोन कागदांत फरक एकाच ओळीचा असेल, पण ती एक ओळ आधी होती आणि नंतर नव्हती, ही गोष्ट त्या दोन्ही कागदांशिवाय जगात कुठेच लिहिलेली नाही.

१९९८ ला दुकानात पहिला संगणक आणला तेव्हा वडिलांची समजूत घालायला बरेच दिवस गेले. शेवटी तेच म्हणाले, ह्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची गिरणी निघाली आणि तिच्यातून विप्रो निघाली, तर आपल्या ट्रेडलमधून एक कॉम्प्युटर निघायला काय हरकत आहे. पाच वर्षांनी ट्रेडल आणि खिळे मोडीत गेले. शिसं किलोवर गेलं. दोऱ्याने बांधलेल्या त्या ओळीही त्यातच गेल्या, कारण वजनाला त्याच भारी होत्या. एक ठेवावी असं त्या दिवशी कोणाच्याच मनात आलं नाही.

त्या शनिवारी रात्री घरी आलो तर आई गहू मोजत होती. आमच्याकडे रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. ती मूठ भरताना नाव घेते. आधी गेलेल्यांचं नाही, फक्त असलेल्यांचं. माझं, मुलाचं, धाकट्या भावाचं, त्याच्या दोन्ही पोरांचं. भाऊ सुरतेला असतो, चार वर्षांत कानबाईला आलेला नाही, त्याची पोरं तर गुजरातीच जास्त बोलतात. मूठ मात्र पडते. मी बाजूला बसून बघत होतो. तिने शेवटची पाव मूठ टाकली, हात झटकला आणि विचारलं, जेवायचं नाही का? मला विचारावंसं वाटलं, की ज्या वर्षी वेगळं व्हायचं ठरतं त्या वर्षी ही मोजणी कशी करतात, मूठ भरता भरता हात कुठे थांबतो. विचारलं नाही. त्या माणसाच्या घरी ते २०१६ च्या श्रावणात झालं असणार, आणि ते एका छापील कागदावरून झालं होतं.

पहाटे जाग आली ती पाटणादेवीच्या आठवणीने. चाळीसगावच्या पुढे डोंगरात पाटण आहे, तिथला शिलालेख कॉलेजात असताना एका सहलीत पाहिला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याचा तो लेख, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. वरचा सगळा भाग संस्कृतात, घराण्याच्या थोरवीचा. आणि शेवटी काही ओळी मराठीत. त्यांत थोरवी नाही. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं मठाला काय द्यायचं, असा साधा व्यवहार आहे. आमचे सर त्या ओळींवर हात न टेकवता बोट फिरवत म्हणाले होते, पोरांनो, वरचं पंडितांसाठी, हे आपलं. आठशे वर्षांपूर्वी बाजारातला माणूस कसं बोलत असेल, ते कानावर येतं ते या हिशेबातून. कोरणाऱ्याला कोणी म्हटलं असतं, की दगड थोडा आहे, मुख्य तेवढं घे, तर काय गेलं असतं ते उघड आहे. आणि मला खात्री आहे, की तिथे मी असतो तर मीच तसं म्हटलं असतं.

रविवारी दुकान बंद असतं, तरी गेलो. एक आशा होती. प्रूफ आम्ही पूर्वी कागदावर काढून द्यायचो, ग्राहक त्यावर पेनाने दुरुस्त्या करून आणायचा, आणि ते कागद मी बरीच वर्षं भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवायचो. तार भरली की आई त्यांच्या कोऱ्या पाठी वर करून, मधे दाभणाने शिवून मुलांना कच्च्या वह्या करून द्यायची. पोटमाळ्यावर त्या वह्यांचं एक खोकं निघालं. दुपारपर्यंत मी जमिनीवर बसून तेच उलटत होतो. एका बाजूला माझ्या मुलीचे भागाकार, दुसऱ्या बाजूला लोकांची लग्नं. एका पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’च्या पुढचं नाव खोडून दुसरं लिहिलेलं, एकाच बापाची दुसरी मुलगी. काय झालं असेल? एका गंधमुक्तीच्या कार्डावर ‘कै.’च्या आधी निळ्या पेनाने ‘आमची माय’ असं घातलेलं आणि मग तेही काळ्या पेनाने काट मारून काढलेलं, दोन हात, दोन स्वभाव. एका यादीत जावयाचं नाव बाणाने पाच ओळी वर नेलेलं, आणि समासात लिहिलेलं, ‘नाहीतर येणार नाहीत’. त्या कागदाला हळदीचं बोट लागलेलं होतं, फिकट झालेलं, पण पिवळंच. छापलेल्या पत्रिकांमध्ये यातलं काहीही नसणार. तिथे सगळे जण ओळीत, हसतमुख, एकाच फॉन्टात.

मला हवा होता तो कागद त्यात नव्हता. २०१५ नंतर मी प्रूफ व्हॉट्सअॅपवरच पाठवायला लागलो होतो.

संध्याकाळी बॅकअपची यादी उघडून बसलो. या वेळी भाचा नव्हता आणि घाईही नव्हती. टेंप, कॅशे, पेजफाइल, हायबरफिल, या ओळी तशाच ठेवल्या, त्यांत माझी चूक नव्हती आणि आजही नाही. सगळंच घ्यायचं म्हटलं तर बॅकअप इतका जड होतो की माणूस तो लावायचाच सोडून देतो, हे मी शेजारपाजारच्या दुकानांत बघितलंय. प्रोग्राम फाइल्स बाहेर, पण फॉन्ट्सचा फोल्डर, २००९ चा फटका आठवून, नावानिशी आत आहे. डाउनलोड्स मी आजवर बाहेर ठेवत होतो, कारण सगळे तसंच सांगतात. उघडून बघितलं तर ग्राहकांनी पाठवलेले फोटो, नावांच्या याद्या, वहीच्या पानावर लिहून मोबाइलने काढलेला मजकूर, सगळं तिथेच पडलेलं. तो आत घेतला. नेटवर आपोआप जाऊन बसणारा एक फोल्डर आहे, त्याला मी इतके दिवस दुसरी प्रत समजत होतो. पण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, ती प्रत कसली? फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी मांडलेला तीन, दोन, एकचा नियम आता बऱ्याच जणांना माहीत आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत जागेबाहेर. माझी बाहेरची प्रत पारोळ्याला बहिणीच्या कपाटात असते, पैठणीच्या घडीत, आणि बहीण राखीला आली की आम्ही डिस्कची अदलाबदल करतो. ते सगळं नीट होतं. तीनही प्रतींत ‘प्रूफ’ नव्हतं, इतकंच. एका जागी चुकलेलं तीन जागी व्यवस्थित चुकलं होतं.

शेवटची ती ओळ राहिली. नुसता शब्द, पाच वर्षांचा. मी ती खोडली आणि तिच्या जागी फ्लेक्सच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे फक्त तोच बाहेर राहील. मग तेही थांबवलं. श्रद्धांजलीच्या फलकावर कोणाचा फोटो आधी होता आणि नंतर निघाला, हे विचारायला उद्या कोणी येणारच नाही असं कुठे आहे? पूर्ण ओळच काढून टाकली. बॅकअप लावला. प्रोग्रामने अंदाज दाखवला, पाच तास चाळीस मिनिटं. मी दिवे बंद करून तिथेच बसून राहिलो. डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता, बाहेरून कुठून तरी कानबाईच्या गाण्यांचा आणि ढोलाचा आवाज येत होता. बोरी नदीच्या दिशेने मिरवणुका दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या, पण गाणी रात्रभर चालतात.

माझं मन मात्र तिथे नव्हतं. पुढचं आता जपलं जाणार होतं, त्याचं समाधान होतं. पण त्या माणसाला मी काय सांगितलं ते मागे उरलंच होतं. डिस्क गेली म्हटलं की दोष कोणाचाच नसतो. ऊन, वीज, नशीब. त्याने ते मुकाट्याने मान्य केलं, घरात नुकताच मृत्यू झालेला माणूस मान्य करतो तसं. माझ्यासाठी ते सोयीचं होतं. आणि मी विचार करत राहिलो, की ते नाव ज्याने काढलं त्यानेही असंच काहीतरी सोयीचं मनाशी धरलं असेल: ओळ बसत नव्हती, यादी लांबत होती. कदाचित ते मीच सुचवलं असेल. अकरा नावं चांगली दिसत नाहीत, दहा करा, असं मी ग्राहकांना आजही म्हणतो. त्या पत्रिकेत निमंत्रक दहा आहेत.

मंगळवारी सकाळी बिलबुकातून त्याच्या काकांचा नंबर काढला, त्यांच्याकडून त्याचा घेतला. काकांनी कशासाठी ते विचारलं नाही. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला, मागे बैलांना हाकारल्याचा आवाज होता. मी म्हणालो, भाऊ, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. डिस्क गेली, पण बाकीचं सगळं मी परत आणलं. ते पहिलं प्रूफ बॅकअपमध्ये नको म्हणून मीच काढून ठेवलं होतं. जागा वाचवायला. ते असतं तर आज तुम्हाला दाखवता आलं असतं.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे त्यामा नाव व्हतं?”

“प्रूफ होतं. त्यावर कोणाची नावं होती ते मला आठवत नाही. होतं म्हणून सांगितलं तर खोटं होईल, नव्हतं म्हटलं तरी खोटंच होईल. दुरुस्त्या बऱ्याच झाल्या होत्या एवढं आठवतं. आणि नावं कमी करा असं मीही म्हटलेलं असू शकतं.”

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने फोनवर हात ठेवून काहीतरी उत्तर दिलं, मग पुन्हा आला.

“मंग काकाले बी असंच सांगू?”

“हो,” मी म्हणालो. “असंच सांगा.”